कच्चा बोल्ट

सुखदेवकाकांसमोर ‘नशीब’ हा शब्द काढायची सोय नव्हती. मी एकोडीच्या शाळेत बदलून आले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, त्याच आठवड्यात मला हे कळलं. विहिरीवरून पाणी आणताना माझ्या बादलीची कडी निसटली, पाणी अंगावर सांडलं आणि मी वैतागून म्हटलं, “नशीबच आपलं!” कुंपणापलीकडून आवाज आला, “नशीब नाही म्याडम. कडीचा रिवेट ढिल्ला हाये. मी परवाच पाहिला होता.”

“मग परवाच का नाही सांगितलंत?”

“तुमची बादली. तुमी पाहाव.”

संध्याकाळी मात्र ते स्वतःच हातोडी घेऊन आले, रिवेट ठोकला, मग त्यावर दोनदा हलकेच टक टक केलं आणि बादली माझ्या हातात देत म्हणाले, “आता हा तुमच्यामागं राहील.” म्हणजे मी मेल्यावरही रिवेट शाबूत असेल. कोणतंही काम संपलं की ते ही टकटक करीत आणि हे वाक्य म्हणत. ऐकणाऱ्याला आशीर्वाद मिळाला की शाप, हे ठरवणं ज्याचं त्याच्यावर.

तेव्हा मला ‘नशीब’ या शब्दावरच्या त्यांच्या रागाची गंमत वाटली होती. पुढे ती वाटेनाशी झाली. त्यांच्या हातून जे घडलं त्यावर सगळा गाव हाच शब्द झाकणासारखा ठेवत होता, आणि काका ते झाकण पुन्हा पुन्हा उचलून आत पाहत होते.

सुखदेव रामटेके जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून गावी आले, वडिलांच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या आणि एक जुना ट्रॅक्टर घेतला. त्यांच्या घरात नवं असं काही नव्हतंच. फ्रिज कोणाचा तरी, सायकल कोणाची तरी, आणि पडवीत चक्क न्हाव्याची फिरती खुर्ची. भंडाऱ्याच्या एका बंद पडलेल्या दुकानातून ती आणलेली. सकाळी तिच्यात बसून ते पेपर वाचत आणि रस्त्यावरून कोणी गेलं की त्या दिशेला खुर्चीसकट वळत. “नवी वस्तू घ्यायले काय लागते? खिसा. जुनी घ्यायले नजर लागते,” असं ते म्हणत.

“मंग माह्यावर नजर कशी गेली तुमची?” विमलकाकू आतून विचारत. “मी तं नवीच होतो.”

काका खुर्ची दुसरीकडे वळवत.

त्या खुर्चीच्या पायरीशी संध्याकाळी एक माणूस ठरलेला असे. श्रावण. गावच्या तलावावर मासे धरणारा ढिवर, काकांच्याच वयाचा. दोघं शाळेत एका पट्टीवर बसलेले. श्रावणने चौथीनंतर शाळा सोडली आणि बापाचं जाळं उचललं. काका अखंड बोलत आणि श्रावण जाळं विणत ऐकत. त्याचे शब्द मोजकेच. पटलं तर “हाव”, नाही पटलं तरी “हाव”, आणि काही बिघडलं की “नशीब”. तो शब्द त्याच्या तोंडून आला की काका भडकत, त्याला कार्यकारणभाव समजावून सांगत, आणि श्रावण शेवटी “हाव” म्हणे. मला वाटतं, काकांना जगात त्याच्याइतकं कोणी आवडत नव्हतं. विहारात वंदनेला बसले तरी त्यांची एक नजर दाराशी असे, श्रावण बाहेर वाट पाहतोय का म्हणून.

तर अशा या माणसाने एक दिवस नागपूरच्या भंगार बाजारातून बर्फ उडवायचं यंत्र आणलं.

गेले होते ट्रॉलीसाठी आख बघायला. परत आले तेव्हा छोट्या टेम्पोत ताडपत्रीखाली काहीतरी अवजड झाकलेलं. ताडपत्री काढली. नारिंगी रंगाचा रुंद पत्र्याचा जबडा, त्यात आडवा, गोल गोल पात्यांचा लोखंडी स्क्रू आणि वरती मान वाकडी केलेलं नळकांडं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, ट्रॅक्टरच्याच जोरावर फिरायचं. डोंगराळ मुलखात रस्त्यावर बर्फ साचतो तो हे यंत्र ओढून घेतं आणि लांब फेकतं, असं भंगारवाल्याने सांगितलेलं. अख्खा रस्ता गोळा झाला. एकोडीत बर्फ फक्त रसवंतीवर आणि मेलेल्या माणसाच्या भोवती पाहिलेला.

“काहून आनलं हे?” काकूंनी कपाळाला हात लावला. “कोनता बर्फ उडवान तुमी?”

“बर्फ नसला तं काय झालं? भुसा हाये ना. हे फेकते. जे देसान ते फेकते.”

भुसा होता हे खरं. गावाबाहेर रस्त्याला लागून राईस मिल आहे. धान भरडून उरलेल्या भुशाचा तिथे डोंगर झालेला. वारा सुटला की तो भुसा शेतात, डोळ्यांत आणि माझ्या वर्गातल्या पोरांच्या डब्यांत. वीटभट्टीवाले तो नेत, पण मजुरांनी टोपल्याटोपल्यांनी ट्रॉली भरेपर्यंत दिवस जाई. काकांनी मिलच्या मालकाला पटवलं. यंत्र ट्रॅक्टरला जोडलं, आणि मान मागे वळवून ट्रॅक्टर उलटा त्या ढिगात घातला.

मी वर्ग सोडून पोरांना घेऊन पाहायला गेले होते, हे कबूल करते. नळकांड्यातून भुशाची सोनेरी धार उठली, कमान करून ट्रॉलीत पडू लागली. निम्मा भुसा वाऱ्याने उडाला आणि आमच्या अंगावर, केसांवर, झाडांवर बसला. पोरं “बर्फ, बर्फ” करत नाचली. काका ट्रॅक्टरवर उलटे वळून बसलेले, भुवयांवर भुसा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्यांनीच हिमालय आणला. श्रावण दाताळं घेऊन ढिगाच्या कडेला उभा. तलाव आटत आला की मासेमारी मंदावते, म्हणून काकांनी त्याला सोबत घेतलं होतं. ढिगातल्या काड्या, प्लास्टिक, गोणपाटाचे फाटके बारदाने यंत्रात जाण्याआधी बाजूला ओढायचे, एवढं त्याचं काम.

आणि पहिल्याच दिवशी ‘टक्’ झालं.

ट्रॅक्टर चालूच, पण स्क्रू थांबला. काका उतरले. ट्रॅक्टरचा जोर आणणारा आख आणि स्क्रू जोडणारा एक बोल्ट मधोमध तुटला होता. भंगारवाल्याने यंत्रासोबत तसल्या बोल्टांचा एक डबा दिला होता. “हे कच्चे बोल्ट, तुटतात, बदलत राहायचे,” असं तो म्हणाला होता. काकांनी तो डबा नाक मुरडून घेतला होता. त्यांनी दुसरा कच्चा बोल्ट घातला. एखादा बारदाना अडकला की टक्. एखादा लाकडाचा तुकडा गेला की टक्. काम थांबे, ट्रॉलीवाले खाली बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत आणि काकांची मस्करी करत.

“का गा फिटर साहेब, कच्चेच निघाले काय तुमी?”

लोक सहज बोलत, पण काकांना ते कुठे लागायचं हे मला शेजारी राहून दिसत होतं. ज्या माणसाच्या हातचा बोल्ट त्याच्यामागं राहायचा, त्याच्या हातचा बोल्ट आता रोज तुटत होता, आणि तोही चारचौघांत. त्यांच्या लेखी कच्चा म्हणजे वाईट. कच्चा माल, कच्चं काम, कच्चा माणूस. उभ्या आयुष्यात या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. तो बोल्ट तुटण्यासाठीच बनवलेला आहे, तो तुटला म्हणजे त्याने आपलं काम केलं, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. मीही त्या मस्करीला हसले होते. सगळेच हसलो होतो.

एका सकाळी त्यांनी पेटीतून स्वतःचा बोल्ट काढला. पक्का, काळपट, जाडजूड. तो बसवला, आवळला, दोनदा टक टक केली. “आता हा माह्यामागं राहील,” असं म्हणून ट्रॅक्टरवर चढले.

त्यानंतर काम थांबलं नाही. बारदाना गेला तरी स्क्रू त्याचा चोथा करून फेकून देई. मस्करी करणारे गप्प झाले. मालकाने चहा मागवला. श्रावणसुद्धा म्हणाला, “आता बरं झालं गा.” श्रावणच्या मानाने हे भाषणच होतं.

संक्रांतीनंतरची दुपार होती. त्या दिवशी मी तिथे नव्हते; जे सांगते ते काकांनीच सांगितलेलं, आणि ते त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखं आठवतं. एक ओला बारदाना अर्धा स्क्रूत गेला, अर्धा बाहेर लोंबत राहिला. श्रावणने तो ओढायला हात घातला. कच्चा बोल्ट होता तेव्हाही तो असंच करायचा. तोवर बोल्ट तुटलेला असायचा आणि स्क्रू थांबलेला. हाताला ती सवय झाली होती. या वेळी स्क्रू थांबला नाही. बारदाना हातासकट आत गेला.

काकांनी ट्रॅक्टर बंद केला तोवर व्हायचं ते झालं होतं. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटं आणि तळव्याचा कोपरा गेला. भंडाऱ्याला डॉक्टरांनी उरलेला हात वाचवला. काका दवाखान्यात त्याच्या पायाशी बसून राहिले, घरी यायला तयार नव्हते. काकूंनी ओढून आणलं, तेव्हा ते घरात न जाता सरळ यंत्रापाशी गेले. पाना लावून तो बोल्ट काढला आणि उजेडात धरला.

त्याला साधा ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून तो बोल्ट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. खिसा वजनाने एका बाजूला लोंबायचा. कोणी भेटलं, जय भीम झालं, तब्येत विचारली, की काका बोल्ट काढून तळहातावर ठेवत. “हा पाहा. हा मी लावला म्हनून श्रावनचा हात गेला.” बसस्टॉपवर, चहाच्या टपरीवर, विहारात, पाहुण्यांसमोर. सुरुवातीला लोक समजूत घालत, मग कंटाळले. एकदा त्यांनी साकोलीच्या एका मेकॅनिकला विचारलं, कच्चा बोल्ट असता तर त्या वेळी तुटला असता का. तो म्हणाला, तुटलाही असता, नसताही. ओल्या बारदान्याचं सांगता येत नाही. दुसऱ्या कोणाला यात सुटका दिसली असती. काका घरी येऊन मला म्हणाले, “म्याडम, तो तुटला असता. तो तुटाले बसला होता. मी त्याले तुटू देलं नाही.”

त्यांना सुटका नको होती. त्यांना फिर्याद हवी होती, आणि फिर्याद करणारा तोंड उघडत नव्हता.

श्रावण दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवशी काकूंसोबत मीही भेटायला गेले होते. काका दाराशीच उभे. श्रावणची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, “आता काय करता भाऊजी. नशिबात होतं.”

“नशीब नोको म्हनू वहिनी,” काका म्हणाले. “बोल्ट म्हन. सुखदेव म्हन.”

ती घाबरून नवऱ्याकडे पाहू लागली. श्रावण खाटेवर पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता. तो म्हणाला, “नशीबच गा. तू काय करशीन त्याले.”

त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं. त्याच्याजवळ होता तो सगळ्यात मोठ्या मनाचा शब्द त्याने मित्राला दिला होता, आणि नेमका तोच शब्द या मित्राला घेता येत नव्हता. काका म्हणाले, “येक शिवी तं दे बे मले.” श्रावण नुसता हसला.

यंत्र त्यांनी विकलं नाही. “ज्याले विकीन त्याचा हात खाईन ते,” म्हणाले. काही दिवस ते ताडपत्रीखाली पडून होतं. मग एक दिवस त्यांनी त्याच्या जबड्यावर लोखंडी जाळी बसवली, कच्चे बोल्ट घातले आणि लाल रंगाने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हा बोल्ट तुटू द्या. त्यांचं अक्षर खराब होतं म्हणून माझ्याकडून आधी खडूने लिहून घेतलं होतं. ते यंत्र त्यांनी मिलवाल्याला वापरायला दिलं, एका अटीवर, की बोल्ट तुटला की ट्रॅक्टर बंद करून मगच खाली उतरायचं. स्वतः पुन्हा त्यावर बसले नाहीत. पण वारा त्या बाजूचा असला आणि ‘टक्’ आवाज गल्लीपर्यंत आला की ते हातातलं काम थांबवत. पेपर खाली घेत. “वाचला कोनी तरी,” असं पुटपुटत आणि पुन्हा पेपर वर करत.

ती टकटकही बंद झाली होती. माझ्या दाराचा कोयंडा बसवून दिला आणि तसेच निघाले. मी मुद्दाम विचारलं, “काका, राहील ना हा माझ्यामागं?” ते म्हणाले, “राहाले नाही पाहिजे म्याडम. काही वस्तू आधी गेलेल्या बऱ्या.”

पावसाळ्यात तलाव भरला आणि खरी अडचण उघडी पडली. श्रावणचं पोट त्या तलावावर होतं. फेकायचं जाळं एका हाताचं नसतं. त्याचा काही भाग डाव्या कोपरावर, काही उजव्या मुठीत, एक कड दातांत धरायची आणि कमरेतून गिरकी घेऊन सगळं एकदम सोडायचं, तेव्हा ते पाण्यावर गोल उघडतं. श्रावणच्या उजव्या हाताची मूठच होत नव्हती. पोरगी सासरी गेलेली, मुलगा नाही. जाळं घराच्या आढ्याला टांगलं गेलं. ते त्याच्या बापाचं होतं.

एका सकाळी काका त्याच्या घरी गेले, आढ्याचं जाळं काढलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, “चाल. तू सांगजो, मी फेकतो.”

हसू यावं अशीच ती गोष्ट होती. काकांना पाण्याची भीती. गावात जन्मून कधी तलावात उतरले नाहीत. घोट्याच्या वर पाणी आलं की डोळे मिटून घेत. शिवाय कोणाकडून काही शिकून घेण्याची सवय नाही. तरी रोज सकाळी अर्धी चड्डी घालून ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहत, आणि श्रावण तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसून सांगे. “कड दातात घे. हात मोकळा सोड. आता सोड.” काका सोडत, आणि जाळं ओल्या गोधडीसारखं एकाच जागी धपकन पडे. जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या त्यांच्याच गुडघ्यावर आदळत. दातात कड धरायची सवय नसल्याने एक दाढ हलू लागली. गावकऱ्यांना नवा विषय मिळाला. मशीन भुसा फेकते आणि मालकाला जाळं फेकता येत नाही, म्हणून पारीवर मंडळी जमत. काका त्या मस्करीवर एकदाही चिडले नाहीत. मला ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दिवस गेले, तसं कधी कधी जाळं निम्मं उघडू लागलं. थोडे मासे लागत. ते सगळे श्रावणच्या टोपलीत जात. चुकलं की श्रावण म्हणे, “जाऊ दे गा. आज मच्छीचं नशीब चांगलं.” काका पाण्यात तसेच उभे राहत. काकू मला म्हणाल्या, “म्याडम, हा मानूस पान्यात नाही थकत. त्या येका शब्दानं थकते.”

हिवाळा येता येता माझी बदली झाली, थेट नाकाडोंगरीला. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. सकाळच्या बसला निघाले तेव्हा काकू सोबत थांब्यापर्यंत यायला निघाल्या. रस्ता तलावाच्या पारीवरूनच जातो. धुकं नुकतं उठत होतं. काका पाण्यात होते, छातीपर्यंत, म्हणजे नेहमीपेक्षा पुढे गेलेले. श्रावण पारीवर. त्यांचा निरोप घ्यावा म्हणून मी थांबले.

काकांनी गिरकी घेतली आणि जाळं सोडलं. ते उघडलं. पूर्ण गोल, मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं असं. पण ते पडलं ते पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडावर. त्या जागी जाळं टाकायचं नाही, अडकलंच तर ओढायचं नाही, हे श्रावणने पहिल्या दिवशी सांगितलेलं. पाणी भरलं की खोड दिसत नाही, ठाऊक असावं लागतं. काकांनी ओढलं. येईना. जोर लावला. चर्र असा लांबलचक आवाज पारीपर्यंत आला.

श्रावण उभा राहिला. त्याचा आवाज एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“आंधळ्या, भडव्या, ओढू नोको म्हनलं ना तुले! कोनाचं आयकतच नाही तू. तुले वाटते सगळं तुलेच समजते. माहा हात खाल्ला तू, आता बापाचं जाळं बी खातं काय?”

काकूंनी माझा दंड धरला. श्रावण उरलेल्या हाताने पाण्याकडे बोट दाखवत होता, आणि आपण काय बोललो हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण तो मटकन खाली बसला.

काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पाण्यातही ते सदरा घालूनच उतरत, मला वाटायचं थंडीमुळे. खिशातून काय काढलं ते इतक्या लांबून दिसलं नाही. पाण्यात काहीतरी डुबकन पडलं एवढंच ऐकू आलं.

“हाव,” ते म्हणाले. “खाल्ला.”

मग ते एकेक पाऊल टाकत त्या खोडापर्यंत गेले, गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे उघडे ठेवून, आणि जाळं न ओढता एकेक गाठ सोडवू लागले. श्रावण अजून कुरकुरत होता, “तिकून नाही, इकून सोडव, उजव्या अंगानं.” काका त्याप्रमाणे उजवीकडून सोडवत होते. बस आली, हॉर्न वाजला, काकू म्हणाल्या, “जा तुमी म्याडम, मी सांगतो त्याईले.” खिडकीतून पाहिलं तेव्हा काका खोडाशी वाकलेले होते आणि श्रावण चप्पल काढून पाण्यात उतरत होता.